लच्छूची तिरळी गाडी

आरमोरीच्या भाजीबाजारात पहाटे उभे राहिलात तर एक पांढरी पिकअप येताना दिसेल. तिच्या बंपरवर दोन पिवळे दिवे आहेत, पण ते समोर पाहत नाहीत. सासू-सुनेचं भांडण झालं की दोघी एकाच ओसरीवर बसतात आणि तोंडं मात्र दोन दिशांना करतात, तसा एक दिवा डाव्या नालीकडे वळलेला आणि एक उजव्या. बाजारातले लोक तिला लच्छूची तिरळी म्हणतात. लच्छू हसतो, दिवे सरळ मात्र करत नाही.

हा लच्छू आमच्या गावचा. त्याचा बाप लटारू माझ्यासोबत गावच्या शाळेत होता. आम्ही दोघं मिळून एका पाटीवर शिकलो, पाटी माझी आणि पेन्सिल त्याची, त्यामुळे भांडण झालं की दोघांचंही शिक्षण बंद पडायचं. लटारूने जन्मभर बैलांची बंडी हाकली. लच्छूने पिकअप घेतली. आता तो पंचेचाळीसचा आहे, अंगाने काटक आणि बोलण्यात कंजूस. बाप एका वाक्यात सांगायचा ते हा अर्ध्यात आटपतो, उरलेलं अर्धं तुम्ही समजून घ्यायचं.

पहाटे चारला तो रिकामी गाडी काढतो. कोसमटोल्याचं जंगल ओलांडून पलीकडच्या गावांतली वांगी, टमाटर, वालाच्या शेंगा भरतो, त्याच जंगलातून परत येतो आणि उजाडायच्या आत आरमोरी गाठतो. उजाडल्यावर पोचलेल्या वांग्याला, तो म्हणतो, गिऱ्हाईक मिळत नाही, गाय मिळते.

मी पुष्कळदा त्याच्यासोबत जातो. म्हाताऱ्या माणसाला पहाटे झोप नसते, आणि केबिनमध्ये बसलं की मी बोलतो आणि तो गाडी चालवतो, दोघांचंही भागतं.

लच्छूजवळ एक विद्या होती. अंधारात गाडीच्या उजेडाने जनावरांचे डोळे चमकतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. लच्छूला ते चमकणं वाचता येत होतं. जमिनीला टेकलेला लाल निखारा दिसला की रातवा पक्षी. वीतभर उंच आणि उड्या मारणारा असला तर ससा. कमरेइतक्या उंचीवर हिरवट डोळ्यांच्या दहा-बारा जोड्या एकदम दिसल्या तर चितळं. आणि एकच जोडी, रुंद अंतराची, हलायची घाई नसलेली दिसली, तर तो गाडी उभी करायचा आणि ओठावर बोट ठेवायचा. त्या जनावराचं नाव आमच्याकडे जंगलात घेत नाहीत, म्हणून मीही इथे लिहीत नाही. गवतातल्या कोळ्याचेही डोळे चमकतात, साखरेच्या दाण्यासारखे, हे मला सत्तराव्या वर्षी लच्छूने दाखवलं.

एकदा एक मास्तर सोबत होते. दूर दोन डोळे दिसले. मास्तर म्हणाले, "बिबट."

लच्छू म्हणाला, "कमलाबाईची कालवड."

मास्तरांनी चिवड्याची पैज लावली. जवळ गेलो तर दोन दिवसांपासून हरवलेली कालवडच रवंथ करत उभी. मास्तरांनी चिवडा दिला, पण वर्षभर सांगत फिरले की बिबट होता आणि आम्हाला पाहून पळाला.

तर अशी विद्या. पण गेल्या चैत्रात तीच त्याच्या आड आली.

चैत्रात मोह पडतो. फुलं पहाटेच गळतात, आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं खातात, हरणं खातात. कोसमटोल्याच्या बाया म्हणून अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, जनावराच्या भीतीने चार-सहा जणी मिळून. सडकेच्या कडेला नीलाबाईचं एक मोठं झाड आहे. त्याच्या फांद्या सडकेवर आलेल्या, त्यामुळे निम्मी फुलं डांबरावर पडतात. डांबरावरून वेचायला सोपं, माती लागत नाही, काटा लागत नाही. नीलाबाई त्या दिवशी बाकीच्यांच्या जरा आधी आली, अंगावर काळी चादर घेऊन डांबरावर बसली आणि वेचू लागली. पाठ गाडीकडे.

लच्छूने ब्रेक दाबला तेव्हा फार उशीर झाला नव्हता, पण झाला होता. टोपली चाकाखाली गेली. नीलाबाई नालीत पडली आणि घोट्याचं हाड चिरलं. लच्छूनेच तिला उचलून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत बसला, घरी आणून सोडलं. तिच्या झाडांची फुलं शेजारणींनी वेचली आणि तिच्याच अंगणात वाळत घातली, कारण दुसऱ्याच्या मोहाखालचं फूल तिथे कोणी आपल्या टोपलीत टाकत नाही. नीलाबाई उठली, चालू लागली, पण काठी राहिली.

लच्छू मला पुन्हा पुन्हा एकच सांगायचा. "सडकेवर एकबी डोळा नोता, आबाजी. एकबी नोता."

यंदा मोह पडायच्या आधी कोसमटोल्याची ग्रामसभा बसली. कोलूभाऊ तिथले जाणते, बोलणं हळू आणि वजनदार. त्यांनी लच्छूला बोलावून सांगितलं, की मोहाच्या महिन्यात त्याची गाडी उजाडल्याशिवाय जंगलातून जाऊ नये. आता कायद्याने सडक सरकारची. लच्छू नाही म्हणाला असता तर कोणी अडवू शकलं नसतं. पण ज्या गावची माणसं तुमच्या गाडीतून बाजाराला जातात, तुमच्या गाडीतून दवाखान्यात जातात, त्या गावाला कायदा दाखवून माणूस राहतो कुठे?

आणि ऐकावं तर पहाटेची फेरी जाते. पलीकडचे भाजीवाले महिनाभर थांबणार नाहीत, दुसरी गाडी धरतील, आणि एकदा दुसरी गाडी धरलेला माणूस परत येईलच असं नाही.

लच्छूने बाहेर उभ्या गाडीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "मले पंधरा दिवस द्या. मी गाडीले दिवे लावतो. तुमी मानसं बसवा सडकेवर अन् पाहा. एकबी मानूस मले नाई दिसला तर मी सोता गाडी बंद करतो."

कोलूभाऊंनी नीलाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी बसतो सडकेवर. माही जागा मी कोनाले सांगनार नाई." आमच्याकडे बायासुद्धा बसतो, जातो असंच म्हणतात.

आरमोरीत चंदन म्हणून गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा आहे. हाताने हुशार, तोंडाने त्याहून जास्त.

"किती उजेड पायजे?" त्याने विचारलं.

"मानूस दिसला पायजे," लच्छू म्हणाला.

"मानूस काय, भाऊ, त्याच्या मनात काय चालू हाये तेबी दिसंल असा उजेड देतो."

त्याने केबिनच्या छतावर चार पांढरे फोकस बसवले. काम मात्र नीट केलं. मला समजावून सांगितलं, की हेडलाईटच्या वायरीवर हे फोकस जोडले तर वायर तापून जळते, म्हणून बॅटरीपासून वेगळी वायर, वेगळा फ्यूज आणि मध्ये बटनावरचा ताण घेणारा रिले. लच्छूला बजावलं, "समोरून गाडी आली की बटन बंद. नाईतर तुले सारं दिसंल अन् समोरचा आंधळा होईल." घरी येताना लच्छूने फोकस लावून पाहिले तर सडक शेवटपर्यंत धुतल्यासारखी दिसली. दूर वळणावरच्या चितळांचे डोळे दिव्याच्या माळेसारखे पेटले. त्या दिवशी तो बापासारखा पूर्ण वाक्यात बोलला.

फाल्गुन संपता संपता परीक्षा झाली. अंधार पडल्यावर आम्ही निघालो. केबिनमध्ये लच्छू, कोलूभाऊ आणि मधे मी. दोन किलोमीटरच्या पट्ट्यात नीलाबाई, तिचा पुतण्या अंकुश आणि अंकुशची बायको दीपाली असे तिघं बसवलेले. कोलूभाऊंनाही जागा माहीत नव्हत्या. लच्छूने नेहमीच्याच वेगाने जायचं आणि माणूस दिसला की बोलायचं, एवढंच.

"अंकुश," लच्छू म्हणाला. चांगला तीनशे पावलांवर तो सायकल धरून उभा होता.

पुढे सशाचे डोळे गेले. रातवा उडाला. मोहाखालचा पाचोळा त्या दिवशी बायांनी जाळला होता, त्याचा धूर सडकेवर उतरलेला. त्या धुरावर चार फोकसांचा उजेड पडला आणि समोर पांढरं धोतर वाळत घातल्यासारखं झालं. लच्छूने डोळे बारीक केले. वेग तोच ठेवला.

"दीपाली. पुलाच्या कठड्यापाशी."

मग वळण आलं, चढ आला, आणि पट्टा संपला. लच्छूने गाडी उभी केली. त्याच्या कपाळावर घाम होता.

कोलूभाऊंनी खिडकीची काच खाली केली. मग खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "नीलाबाई दिसलीच असंल तुले. बोलाले इसरला असशील."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं आहे. कोलूभाऊंच्या नाल्याकाठची वांगीसुद्धा याच गाडीत जात होती. फेरी बंद व्हावी असं त्यांनाही वाटत नव्हतं. त्यांनी दार उघडून दिलं होतं, लच्छूने फक्त मान हलवायची होती. हो म्हटलं तर त्याला खोटं ठरवणारा तिथे कोणी नव्हता. मी स्वतः तिला पाहिलं नव्हतं, पण माझ्या डोळ्यांवर आता कोण साक्ष धरतो? खरं सांगायचं तर त्याने हो म्हणावं असं मलाही वाटून गेलं.

लच्छूने इंजिन बंद केलं. फोकस बंद केले.

"नाई दिसली," तो म्हणाला.

थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. नीलाबाई आली आणि गाडीला टेकून उभी राहिली.

"वळनाच्या आंधी बसली होतो, माह्याच झाडाखाली, डांबरापासून हातभर," ती म्हणाली. "तुह्या गाडीची हवा माह्या लुगड्याले लागली, लच्छू. एवढा उजेड केला का मले वाटलं दिवस निंगाला. अन् तू पाहून कुठी राह्यला होता?"

"डोळे पाहून राह्यलो होतो," लच्छू म्हणाला.

"डुकराचे डोळे चमकतात का?"

"नाई."

"मंग मानसाचे कसे चमकतील?"

लच्छूला हे माहीत नव्हतं असं नाही. रानडुकराचे डोळे चमकत नाहीत हे त्यानेच मला सांगितलं होतं, एका डुकराने बंपर वाकवल्यावर. पण ज्या गोष्टीत माणूस हुशार असतो तिथेच तो दुसरं काही शोधत नाही. वीस-पंचवीस वर्षं त्याने अंधारात चमक शोधली. जे चमकत नाही ते त्याच्यासाठी तिथे नव्हतंच.

ठरल्याप्रमाणे गाडी बंद झाली. पलीकडचे भाजीवाले, एक म्हातारा सोडून, आठ दिवसांत लांबच्या सडकेने जाणाऱ्या दुसऱ्या गाडीकडे गेले. लच्छूची बायको वच्छला तोंडाने भांडली नाही. फक्त गाडीचा विषय निघाला की भांडी जरा जोरात ठेवायची.

पण चार वाजता उठायची सवय कुठे जाते? लच्छू पहाटे गाडी काढायचा, जंगलाच्या अलीकडे उभी करायचा आणि पायी नीलाबाईच्या झाडापर्यंत जाऊन दगडावर बसायचा. मीही जायचो. बाया पाचोळ्याची लहान शेकोटी करून तिच्या उजेडात वेचायच्या. पहिल्या दिवशी त्या गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी नीलाबाईने त्याच्यापुढे टोपली सरकवली.

"बसून काय राह्यला. हात चालव."

लच्छू वेचू लागला. एक एक फूल उचलून पाहायचा, झटकायचा, मग टोपलीत टाकायचा.

"फुलं येचून राह्यला का त्याह्यची चौकशी करून राह्यला?" नीलाबाई म्हणाली, आणि साऱ्या बाया हसल्या.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्याने वेचणं थांबवलं आणि माझा दंड धरला. "आबाजी, पाहा. कोनी मान वर करते का?"

मी पाहिलं. कोणी करत नव्हतं.

"जनावर उजेडाकडे पाह्यते. मानूस कामाकडे पाह्यते," तो म्हणाला. "पन हात पाहा."

हात खरंच थांबत नव्हते. जमिनीवरून टोपलीत, टोपलीतून जमिनीवर. चादर काळी, लुगडं गडद, पाठ वाकलेली, तोंड दिसत नाही, पण गुडघ्याच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक हात सारखा येतो आणि जातो. शेकोटी जमिनीवर होती म्हणून तो दिसत होता. हाच उजेड वरून पडला असता तर त्या वाकलेल्या पाठीवर पडला असता.

त्याच दुपारी आम्ही चंदनकडे गेलो. लच्छू म्हणाला, "छतावरचे काढ. दोन पिवळे दे, अन् खाली लाव. जेवढे खाली जमते तेवढे."

"खाली लावून काय मुंग्या पाह्यच्या हायेत?" चंदन म्हणाला.

तेव्हा मला लटारूची बंडी आठवली आणि मी तोंड उघडलं. माझं तोंड एकदा उघडलं की चंदनसारख्यालाही खाली बसावं लागतं. मी सांगितलं, की आमच्या वेळी रात्री बंडी निघाली की कंदील वर कोणी धरत नसे. तो बंडीच्या खाली, आसाला टांगायचा. वर धरला तर हाकणाऱ्याच्याच डोळ्यात उजेड जातो आणि त्याला पुढचं काही दिसत नाही. खाली टांगला की बैलाचे खूर दिसतात, चाकोरी दिसते, कडेचा दगड दिसतो. हाकणारा स्वतः अंधारात बसतो आणि सडक उजेडात असते. एकदा लटारूने हौसेने कंदील डोक्यावरच्या काठीला बांधला होता, तर बंडी सरळ तळ्यात नेली. बैल पाणी प्यायले आणि आम्ही दोघं रात्रभर धान वाळवत बसलो.

चंदनने सगळं ऐकून घेतलं. मग पाना उचलत म्हणाला, "आबाजी, हे आंधी सांगतलं असतं तर माही चढ-उतर वाचली असती."

त्याने दिवे बंपरवर बसवले. लच्छूने हाताने ते बाहेर वळवले, दोन्ही कडांकडे, समोरच्या डांबराला हेडलाईट होतेच. चंदनने डोक्याला हात लावला. "गाडी तिरळी करून राह्यला, भाऊ. गावात कोनी इचारलं तर माहं नाव सांगू नको."

मोह निम्म्याहून जास्त पडून गेल्यावर लच्छू नीलाबाईच्या अंगणात गेला. त्याला पुन्हा परीक्षा हवी होती. या वेळी ठरवून बसवलेली माणसं नकोत, म्हणाला. खरंच वेचणाऱ्या बाया असतील तेव्हा, बंडीच्या चालीने, आणि गाडीत नीलाबाई.

"मी?" ती म्हणाली. "त्या गाडीत?"

"तुले ठाऊक हाये कोन कुठी बसते. मले नाई ठाऊक."

ती आत गेली. मला वाटलं आता येत नाही. आली, हातात काठी आणि कमरेला पानाची चंची. "उद्या ये. माह्या बाजूचं दार आतून उघडते का ते आंधी पाहून ठेव."

दुसऱ्या पहाटे ती केबिनमध्ये बसली आणि मी मागे उभा राहिलो, केबिनच्या मागच्या खिडकीशी. लच्छूने गाडी इतकी हळू चालवली की रातवाही उडायला आळस करत होता. दोन्ही कडांना पिवळा उजेड जमिनीवरून सरपटत होता. धूर होता, पण तो वर राहिला, उजेड त्याच्या खालून गेला.

"डावीकडे एक," लच्छू म्हणाला. "हात."

नीलाबाईने बोटावर एक मोजलं.

"उजवीकडे दोन. एक बसली हाये, एक वाकली हाये."

"हं."

"डावीकडे, झाडामांगं. टोपली दिसली. थांब, हातबी दिसला."

पुलापाशी पाचवी. नीलाबाई म्हणाली, "झाल्या. पाचच होत्या." तिने चंची उघडली आणि पानाला चुना लावायला घेतला.

लच्छू म्हणाला, "उजवीकडे आनखी एक हाये. मोठ्या मोहाच्या बुडाशी."

"तिथी कोनी नाई. ते कोलूभाऊचं झाड. त्याच्या घरच्या बाया उजाडल्यावर येतात."

लच्छूने गाडी उभी केली. दिव्याच्या कडेला, मुळाजवळ, एक हात होता. येत-जात होता, मग थांबला. थोड्या वेळाने हातामागून माणूस उभा राहिला, डोक्याला घट्ट गुंडाळलेला दुपट्टा, हातात लहान टोपली. कोलूभाऊ.

जनावराच्या भीतीने एकट्याने कोणी मोहाखाली जायचं नाही, हा नियम गावात त्यांनीच केलेला.

नीलाबाईने खिडकीतून मान काढली. "एकटेच, कोलूभाऊ? नेम कोनं केला होता?"

"नेम माहा हाये," कोलूभाऊ म्हणाले. "झाडबी माहंच हाये. काल सांबरानं अर्धी फुलं खाल्ली. म्हनलं आज त्याच्या आंधी येतो."

"सांबराचे डोळे तरी चमकतात. तुमचे नाई चमकत."

कोलूभाऊ गाडीसमोर आले. वाकून त्यांनी एक दिवा पाहिला, मग दुसरा. मग आपण बसलो होतो त्या जागेकडे पाहिलं.

"किती दुरून दिसलो मी तुले?"

"दहा-बारा पावलं," लच्छू म्हणाला.

"अन् पयल्यासारखा चाळीसनं आला असता तर?"

मी मागून ऐकत होतो. लच्छू पुन्हा खरं सांगून बसणार हे मला कळलं.

"तर दिसला असता," लच्छू म्हणाला. "पन गाडी थांबली नसती."

कोलूभाऊंनी मान हलवली. नीलाबाईने पान तोंडात घातलं.

"मोह असेपर्यंत ह्या दोन किलोमीटरात बंडीच्या चालीनं जाईन," लच्छू म्हणाला. "त्याच्यासाठी अर्धा घंटा आंधी निंगन. मंग तरी जाऊ द्यान का?"

"मले काय इचारते," कोलूभाऊ म्हणाले. "तिले इचार. तिचा पाय हाये."

नीलाबाईने पान चावून घेतलं, घाई न करता. मग म्हणाली, "कोलूभाऊले मांगं बसव. एकटे आले हायेत, एकटे सोडू नोको. अन् चाल, वांगी सुकून राह्यली असतील तिकडे."

खरं तर तिकडे आता फक्त एका म्हाताऱ्याची वांगी उरली होती. बाकीच्यांतले दोघं पुढे परत आले, तिसरा अजून आलेला नाही. पण त्या पहाटे हे कोणी बोललं नाही. कोलूभाऊ टोपली सांभाळत माझ्या शेजारी चढले. बसता बसता म्हणाले, "आबाजी, हे लिहू नोका." मी म्हटलं, "पाहतो."

उजाडायला अजून अवकाश होता. लच्छूने पहिला गियर टाकला, आणि ते दोन किलोमीटर संपेपर्यंत बदलला नाही.